दोन कार्डं कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘नवा कॅमेरा आणि हंपीची सहल’ या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते, पण रागाच्या भरात काही लिहू नये म्हणून उठले. राग अजून पुरता गेलेला नाही, तरी लिहिते.

ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझ्या भाचीने पहिला कॅमेरा घेतला आणि दिवाळीच्या सुट्टीत ती बदामी-हंपीला निघाली आहे. कॅमेऱ्यासोबत काय घ्यावं, असं तिने विचारलं. एक जादा बॅटरी, फोटो साठवायला एका मोठ्या मेमरी कार्डाऐवजी दोन मध्यम कार्डं, लेन्सवर यूव्ही फिल्टर (अतिनील किरण अडवणारी काच) आणि ऊन अडवणारं हूड, धूळ उडवायचा रबरी ब्लोअर आणि साधं रेनकव्हर, एवढंच मी सुचवलं. त्यावर आपण लिहिलंत:

“लेख म्हणजे दुकानदाराची यादी वाटते. १२८ जीबीचं एक कार्ड घेतलं की पंधरा दिवस निघतात, दोन-दोन कार्डं ही रोलच्या जमान्यातली भीती आहे. यूव्ही फिल्टरला डिजिटलमध्ये अर्थ नाही. जादा बॅटरीपेक्षा पॉवर बँक बरी. ट्रायपॉडचा तर उल्लेखच नाही. ताई, लिहिण्याआधी थोडा अभ्यास करत जा.”

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण रात्रभर तेच डोक्यात होतं. आपलं वय, आपला अनुभव मला ठाऊक नाही. माझा तुम्हालाही ठाऊक नाही. मग मी अभ्यास न करता लिहिते हे कशावरून ठरवलंत? मतभेद असू शकतो. ‘मला हे पटत नाही, कारण असं असं’ म्हणालात तर मी दहा वेळा ऐकेन. पण आधी ताई म्हणायचं आणि लगेच शाळकरी पोरीला सांगावं तसं अभ्यास कर म्हणायचं, ही बोलायची कुठली रीत? मी हा ब्लॉग नऊ वर्षं लिहिते आहे. इथे माझ्या चुका दाखवणारे पुष्कळ आले, त्यातल्या कित्येकांशी आज घरोबा आहे. त्यांच्यापैकी कुणीही असं बोललेलं मला आठवत नाही.

‘दुकानदाराची यादी’ हेही मला लागलं. या ब्लॉगवर मी कुणाचा एक रुपया घेतलेला नाही आणि कुठल्या दुकानाचं नाव घेतलेलं नाही. उलट त्याच लेखात एक अख्खा परिच्छेद काउंटरवर गळ्यात मारल्या जाणाऱ्या ‘कॉम्बो’बद्दल आहे. वीतभर उंचीचा डुगडुगणारा ट्रायपॉड, दोन ब्रश, एक बाटली, स्क्रीनगार्ड आणि बॅग असं सगळं एकत्र बांधून देतात, ते घेऊ नकोस, असं मी भाचीला स्पष्ट लिहिलंय. दुकानदाराची भलामण करणारी बाई हे लिहील का? तो परिच्छेद आपण वाचला नसावा. वाचून विसरला असाल तर मग बोलणंच खुंटलं.

आता कार्डाकडे येते. आपल्या प्रतिक्रियेतलं हे एकच वाक्य मला खरोखर महत्त्वाचं वाटतं, कारण कुणी त्यावर विश्वास ठेवून एकच कार्ड घेऊन निघालं तर त्याचं नुकसान भरून येणारं नाही.

रोलच्या जमान्यातली भीती म्हणालात. तो जमाना मी पाहिलाय. बाबांकडे यशिका कॅमेरा होता. १९९२ साली आम्ही अजिंठा-वेरूळला गेलो तेव्हा छत्तीस फोटोंचे तीन रोल नेले होते. घरी येऊन धुवायला दिले तर त्यातला एक कोरा निघाला. रोल भरताना फिल्मचं टोक दातऱ्यांत नीट अडकलंच नव्हतं. बाबा छत्तीस वेळा खटका दाबत राहिले, वरचा आकडा पुढे सरकत राहिला आणि आत फिल्म जागची हलली नाही. म्हणून आमच्या अल्बममध्ये वेरूळ आहे, कैलास लेणं आहे, माझी दोन वेण्या घातलेली बहीण आहे, पण अजिंठा नाही. वाईट वाटलंच. तरी गेले ते छत्तीस फोटो गेले, उरलेले दोन रोल शाबूत राहिले. रोल आपोआपच सहलीचे तुकडे पाडायचा. त्यासाठी वेगळी हुशारी लागत नव्हती. कार्डाने तो तुकडा संपवला. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा एक जेपेग फोटो साधारण ८ ते १० एमबीचा धरला, तर ६४ जीबीच्या कार्डात सहा ते आठ हजार फोटो बसतात आणि तुम्ही सांगता त्या १२८मध्ये त्याच्या दुप्पट. म्हणजे दहा दिवसांची अख्खी सहल नखाएवढ्या एका प्लास्टिकवर. भीती रोलच्या काळात कमी होती, आता ती जास्त असायला हवी.

हे मी पुस्तकातून उचललेलं नाही. डिसेंबर २०१३मध्ये मी आई-बाबांना विजापूर, बदामी आणि हंपी दाखवायला घेऊन गेले होते. माझा तो पहिला चांगला कॅमेरा आणि त्यात ३२ जीबीचं एकच कार्ड. ‘एकात सगळं मावतंय, दुसरं कशाला?’ असा हिशोब तेव्हा मीही केला होता, अगदी तुमच्यासारखा.

आईला हंपीत एकच गोष्ट बघायची होती, विठ्ठल मंदिर. लोक तिथे दगडी रथासाठी जातात. २०१७पासून तो पन्नासच्या नोटेवरही आहे. आईचं रथाकडे लक्षच नव्हतं. एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी विजयनगरहून पांडुरंग परत पंढरीला आणला, ही कथा तिने आयुष्यभर कीर्तनात ऐकलेली. तिथल्या गाभाऱ्यात मूर्ती नाही हे तिला माहीत होतं. तरी मंडपाच्या पायऱ्यांपाशी चप्पल काढून ती उभी राहिली आणि त्या रिकाम्या गाभाऱ्याच्या दिशेने हात जोडले. मी आडवा फोटो काढला. ऊन तिच्या डाव्या गालावर होतं.

त्याच संध्याकाळी कॅमेऱ्याने ‘कार्ड वाचता येत नाही’ असं दाखवलं. बंद करून चालू केला, कार्ड काढून पुसून घातलं, दुसऱ्याच्या लॅपटॉपला लावून पाहिलं. काही नाही. चार दिवसांचे साडेपाचशे फोटो त्यात होते. होस्पेटला जाऊन दुसरं कार्ड घेतलं, पण सकाळी परतीची गाडी होती. पुण्यात आल्यावर एका डेटा रिकव्हरीवाल्याने साडेचार हजार घेऊन ६१ फायली काढून दिल्या. त्यातल्या निम्म्या उघडेनात. आईचा तो फोटो उघडला, पण अर्धाच. जेपेग फाइल वरून खाली उलगडत जाते, मधलं काही तुटलेलं असेल तर तिथून खाली सपाट राखाडी पट्टा दिसतो. फोटोत आईचं कपाळ आहे, कुंकू आहे, मिटलेले डोळे आहेत, जोडलेल्या हातांच्या बोटांची टोकं आहेत. तळवे नाहीत. तिथून खाली राखाडी.

पुढच्या वर्षी आई गेली. बाबांनी तो फोटो तसाच मोठा करून घेतला. फ्रेमवाल्याने विचारलं, खालचं कापून टाकू का? बाबा नको म्हणाले. तो आजही त्यांच्या खोलीत आहे. त्या दिवशी दुपारी, जेवायला थांबलो तेव्हा, मी कार्ड बदललं असतं तर? एवढंच करायचं होतं. असं काही ज्याच्यावर गुजरलंय त्याला ‘जमान्यातली भीती’ म्हणताना जीभ जरा आवरायला हवी होती.

तुम्ही म्हणाल, ते कार्डच रद्दी होतं. नव्हतं. नामांकित कंपनीचं, बिलासकट, वॉरंटीचं होतं. कंपनीने नवं कार्ड दिलंसुद्धा. पण वॉरंटीत कार्ड मिळतं, त्यातले फोटो मिळत नाहीत. कार्डात मेमरीखेरीज एक इवलीशी नियंत्रक चिप असते आणि कुठला फोटो कुठे ठेवलाय याची नोंद असते. लिहिणं चालू असताना, म्हणजे तो लाल दिवा लुकलुकत असताना, कार्ड ओढलं किंवा बॅटरी संपली तर ती नोंद बिघडते. फोटो आत असतात, त्यांचा पत्ता हरवतो. अशा वेळी त्या कार्डावर आणखी एकही फोटो काढला नाही तर बरंचसं परत मिळू शकतं. नियंत्रकच मेला तर साध्या सॉफ्टवेअरने काहीच हाती लागत नाही. महागडं कार्ड घेतलं म्हणून यातून सुटका नाही.

आणि हे माझ्या एकटीचं खूळ असतं तर कंपन्यांनी कॅमेऱ्यात कार्डाच्या दोन खाचा कशाला दिल्या असत्या? निकॉनने २०१८मध्ये झेड ६ आणि झेड ७ हे कॅमेरे एकाच खाचेसह काढले. तेवढ्यावरून लग्नसमारंभांचे फोटो काढणाऱ्या छायाचित्रकारांनी केवढी ओरड केली. २०२०च्या झेड ६ टूमध्ये दोन खाचा आल्या. ज्यांचं पोट यावर चालतं ती माणसं प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर लिहून घेतात. भाचीच्या कॅमेऱ्यात खाच एकच आहे. नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांत एकच असते. तिच्या हातात मग एवढंच उरतं की बदामीला एक कार्ड वापरायचं, हंपीला दुसरं, आणि भरलेलं कार्ड कॅमेऱ्याच्या बॅगेत न ठेवता आपल्या पर्समध्ये ठेवायचं. बॅग चोरीला गेली, कॅमेरा तुंगभद्रेतल्या टोपलीसारख्या गोल होडीतून पाण्यात पडला, तरी अर्धी सहल घरी येते. पैशाचं म्हणाल तर मी परवाच पाहिलं, ६४ची दोन आणि १२८चं एक यांत दोनशे रुपयांचाही फरक नव्हता. यात दुकानदाराचं कुठलं भलं झालं ते मला समजावून सांगा.

रोज रात्री फोटो मोबाइलवर घ्यावेत, असं तुम्ही सुचवू शकला असतात. ते मी मान्य केलं असतं, लेखातही घातलं असतं. पण तुम्ही सुचवलं काहीच नाही, फक्त हसलात.

यूव्ही फिल्टरबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे आणि ते मी मोकळेपणाने मान्य करते. फिल्मवर अतिनील किरणांचा निळसर धुरकटपणा यायचा, डिजिटल सेन्सरवर तो अडवणारी काच आधीच बसवलेली असते. तेव्हा तो फिल्टर घ्यायचाच तर फक्त लेन्सच्या काचेला ओरखडा पडू नये म्हणून. लेखात मी ‘आकाश स्वच्छ येतं’ असं लिहिलं होतं, ते चूक होतं. वाक्य बदललं आहे. स्वस्त फिल्टरने रात्री दिव्यांची भुतासारखी खोटी प्रतिबिंबं फोटोत उमटतात, हेही सोबत घातलं आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार. ती नीट शब्दांत दाखवली असती तर आभार मानताना मला जड गेलं नसतं.

बाकीच्या दोन मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. पॉवर बँक ठीक आहे, न्यायचीच असते, पण हंपीतल्या मातंग टेकडीवर सूर्योदयाला बॅटरी संपली तर दगडावर बसून चार्ज होण्याची वाट कोण बघणार? जादा बॅटरी दहा सेकंदांत बदलते. ट्रायपॉड मी मुद्दाम वगळला. हंपी, बदामी, पट्टदकल ही पुरातत्त्व खात्याची स्मारकं आहेत, तिथे ट्रायपॉड लावायला आधी परवानगी घ्यावी लागते. वीस वर्षांच्या मुलीने पहिल्याच सहलीत तो दीड किलो खांद्यावर वागवून फाटकावर ठेवून यावा, असं तुम्हाला वाटत असेल तर तसा लेख तुम्ही लिहा.

आणखी एक. या वेळी भाचीबरोबर बाबाही जाणार आहेत. आई गेल्यापासून ते पुण्याबाहेर फारसे पडलेले नाहीत. विठ्ठल मंदिरात जायचं त्यांनी स्वतःहून काढलं. म्हणून मी तो लेख लिहिला आणि म्हणूनच दोन कार्डांवर तीन परिच्छेद लिहिले, जे तुम्हाला लांबण वाटले. काल संध्याकाळी भाची घरी आली होती. दोन्ही कार्डांवर पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावून तिने पेनने १ आणि २ असे आकडे घातलेत.

तुमची पुढची प्रतिक्रिया आली तर ती मी जशीच्या तशी ठेवीन, काढणार नाही. तेवढं पुन्हा मला अभ्यासाला बसवू नका. कार्डाबद्दल बोला.