"डिझाइनला सायन्स लागत नाही" म्हणे!

एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल: डिझाइन टेक्नॉलॉजी म्हणजे सायन्स न झेपणाऱ्यांची लाइन, चित्र बरं काढता आलं की झालं, बाकीचं सॉफ्टवेअर बघतं. हे वाचून मुलं येतात आणि पहिल्याच प्रोजेक्टला आपटतात, म्हणून लिहितोय.

चित्र पुरतं? ३० मिमी रुंद, ३ मिमी जाड पट्टी घ्या, आडवी धरून दाबा, वाकते. आता तीच उभी धरून दाबा बरं. पट्टी तीच पण १०० पट ताठ, कारण ताठपणा उंचीच्या घनाने वाढतो, रुंदीच्या नुसत्या पटीत. माझ्या एका विद्यार्थ्याचं शेल्फ स्वतःच्याच वजनाने वाकत होतं, त्याने फळी दुप्पट रुंद केली, वजनही दुप्पट झालं आणि वाकायचं तेवढं वाकलंच! खाली एक उभी पट्टी चिकटवली असती तर भागलं असतं.

सॉफ्टवेअर बघतं? बघतं की. पण मटेरियल कुठलं, भार कुठे, कुठली बाजू फिक्स हे सांगायचं तुम्हीच, आणि चुकीचं सांगितलंत तरी ते कुठे किती ताण येतो त्याचं लाल-निळं छान चित्र काढून देतं, कुरकुर नाही करत. पीएलएचा, म्हणजे थ्रीडी प्रिंटिंगच्या प्लॅस्टिकचा, मोबाइल होल्डर स्क्रीनवर एकदम मजबूत, उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर ठेवा, मान टाकतो, कारण पीएलए ६० डिग्रीच्या आसपासच मऊ पडतं.

गंमत म्हणजे उलटा मेसेजपण फिरतो, फिजिक्स-केमिस्ट्रीत टॉपर नसाल तर नादाला लागू नका. तेही खोटं. ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, उरले ७, करंट २० मिलिअँपिअर हवा तर ७ भागिले ०.०२ म्हणजे ३५० ओहम, त्याच्या वरचा ३९० चा रेझिस्टर (करंटला आवर घालणारा भाग) टाका, झालं. भागाकार आहे हो नुसता. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच, म्हणून रुंद टेबलटॉप फ्रेमला घट्ट चिकटवला की तडकतो, यात तर आकडेमोडही नाही. पॉलिमरची रिअॅक्शन फळ्यावर लिहिता नाही आली तरी कोणी विचारत नाही.

आणि "सायन्स कच्चं राहिलं की नंतर येत नाही"? येतं. एका मुलीला टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, पाठ करूनही कळला नव्हता. तिच्या मॉडेलमधली मोटर वजन उचलताना घुंघुं करून अडकायची, वैतागून तिने मोटरचा वजन धरणारा दांडा अर्धा कापला, मोटरने वजन उचललं, आणि मग फॉर्म्युला तिनेच मला समजावून सांगितला.