‘७० वर्षांची राखीव सीट मराठी माणसाने फोडली’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

बेळगावहून आत्याने परवा तो मेसेज परत पाठवला, दोन बाणवाला, म्हणजे कुठून कुठून फिरून आलेला. साधारण असा आहे: अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराची काँग्रेसची (म्हणजे तिथल्या संसदेची) सीट ७० वर्षं ब्लॅक लोकांसाठी राखीव होती, तिथे दुसरं कुणी निवडून येऊच शकत नव्हतं, आपल्या बेळगावच्या श्री ठाणेदारांनी (श्री हे त्यांचं नावच) ती फोडली, तिथल्या भारतीयांनी एकगठ्ठा मतदान केलं आणि ७१ टक्के मतांनी विक्रम झाला. आणि त्याखाली कुणीतरी जोडलेलं असतं की पैसा होता म्हणून आला, बाकी काही नाही. आत्याला फोनवर थोडं सांगितलं पण ते तेवढ्यात मावेना, म्हणून लिहितेय.

आधी हे सांगते की ठाणेदारांचा मला अभिमान आहेच, माझं माहेर बेळगावचं, चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला, घरात मराठी बोलणारा माणूस १९७९ ला इथे अमेरिकेत येतो, ओहायोतल्या ॲक्रनला केमिस्ट्रीत पीएचडी करतो, धंदा उभा करतो, मंदीत बुडतो, परत उभा करतो, हे सोपं नाही. पण त्या अभिमानासाठी डेट्रॉइटचा इतिहास खोटा सांगायची गरज नाही, आणि तो इतिहास ज्यांनी घडवला ते लोक माझ्या शेजारच्या टेबलावर बसून रोज डबा खातात म्हणून मला हे जास्त लागतं.

‘राखीव’ या शब्दापासूनच सुरू करू. आपल्याकडे एससी-एसटीसाठी लोकसभेच्या जागा राखीव असतात, तिथे दुसऱ्याला फॉर्मच भरता येत नाही, तसं अमेरिकेत काहीही नाही. कुठल्याही डिस्ट्रिक्टमधून, म्हणजे मतदारसंघातून, कुणीही उभं राहू शकतं. १९६५ च्या व्होटिंग राइट्स ॲक्टमुळे एवढंच झालं की नकाशा काढताना ब्लॅक वस्तीचे तुकडे करून तिची मतं वाया घालवता येऊ नयेत, म्हणून काही डिस्ट्रिक्ट्स अशी आखली गेली की तिथे ब्लॅक मतदार बहुसंख्य असतील. आणि डेट्रॉइटची सीट तर त्या कायद्याच्या आधीची आहे, तो कायदा यायच्या ११ वर्षं आधी, १९५४ ला, चार्ल्स डिग्ज निवडून आले.

डिग्ज कोण हे कुणालाच माहीत नसतं आणि मला वाटतं सगळा घोळ तिथेच आहे. ते मिशिगनचे, म्हणजे डेट्रॉइट ज्या राज्यात आहे तिथले, पहिले ब्लॅक काँग्रेसमन, तेव्हा वय ३१, वडिलांचा अंत्यसंस्काराचा मोठा व्यवसाय. डिस्ट्रिक्ट १३ वं, ठाणेदार ज्या सीटवरून आले तिचा नंबरही तोच. तेव्हा तिथे जॉर्ज ओ'ब्रायन नावाचे गोरे डेमोक्रॅट खासदार होते आणि डिग्जनी त्यांना पक्षाच्याच प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, हरवलं. दक्षिणेतून गाडीच्या कारखान्यांत कामाला आलेली माणसं, ज्यांना शहरात घर कुठे घ्यायचं हेसुद्धा गोऱ्यांनी ठरवून दिलेलं, हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या आजूबाजूला दाटीवाटीने राहणारी, त्यांनी मतं दिली. नंतर तो अख्खा रस्ता हायवेसाठी पाडला, दुकानं, चर्च, सगळं गेलं. १९५५ ला मिसिसिपीत एमेट टिल या १४ वर्षांच्या ब्लॅक मुलाच्या खुनाचा खटला चालला तेव्हा डिग्ज तिथे जाऊन बसले, कोर्टात ब्लॅक पत्रकारांना पत्ते खेळायचं असतं तसं एक छोटं टेबल कोपऱ्यात दिलेलं, देशाचे निवडून आलेले खासदार असून डिग्ज त्या टेबलाशी बसले, आणि शेरिफच्या माणसांना हा माणूस काँग्रेसमन आहे हे खरंच वाटेना. अशी ती सीट आहे. तिला राखीव म्हणणं म्हणजे कुणीतरी वरून बहाल केली म्हणण्यासारखं आहे, ती त्यांनी मत मत करून घेतलीय.

आणि त्यांचं सगळं चांगलंच होतं असंही मी म्हणत नाही. १९७८ च्या ऑक्टोबरात डिग्ज ऑफिसच्या पगारातल्या पैशांच्या गैरव्यवहारात दोषी ठरले, आणि नोव्हेंबरात तरीही निवडून आले, शेवटी १९८० ला राजीनामा दिला. त्यांच्या जागी जॉर्ज क्रॉकेट आले, ७१ व्या वर्षी, निवृत्त न्यायाधीश, ते वकील असताना कम्युनिस्ट नेत्यांची बाजू लढवली म्हणून कोर्टाच्या अवमानासाठी चार महिने तुरुंगात जाऊन आलेले.

आता ‘दुसरं कुणी येऊच शकत नव्हतं’. हे सरळ चूक आहे, आणि ठाणेदारांच्या आधीची उदाहरणं एक नाही तीन आहेत. २०१० ला १३ व्या डिस्ट्रिक्टमधून हॅन्सन क्लार्क आले, त्यांचे वडील आत्ताच्या बांगलादेशातून आलेले, आई ब्लॅक, त्यामुळे दक्षिण आशियाई मुळं असलेला डेट्रॉइटचा पहिला काँग्रेसमन म्हणायचं तर तो मान क्लार्क यांचा. २०१२ ला शेजारच्या १४ व्या डिस्ट्रिक्टमध्ये, जिथे ब्लॅक मतदार बहुसंख्य होते, तिथे गॅरी पीटर्स जिंकले जे गोरे आहेत, आणि प्रायमरीत त्यांनी याच क्लार्कना हरवलं, नंतर ते सेनेटर झाले. २०१८ ला १३ मधून रशिदा तलीब आल्या, पॅलेस्टिनी आई-वडिलांची डेट्रॉइटमध्येच वाढलेली मुलगी. म्हणजे इथल्या ब्लॅक मतदाराने बाहेरच्याला मत दिलं नाही असं कधी नव्हतंच. (मेसेजच्या एका व्हर्जनमध्ये ठाणेदारांनी तलीबना हरवलं असंही आहे, तेही नाही, २०२२ ला नवे नकाशे आल्यावर तलीब स्वतःच १२ मधून उभ्या राहिल्या.)

मग २०२२ ला वेगळं काय झालं तर एवढं झालं की जानेवारी २०२३ मध्ये, १९५५ नंतर पहिल्यांदा, डेट्रॉइट शहरातून काँग्रेसमध्ये एकही ब्लॅक प्रतिनिधी नव्हता. ही गोष्ट खरी आहे आणि मेसेजमधले ७० वर्षं बहुतेक तिथूनच आलेत. पण इथल्या लोकांसाठी ती कसली ‘फोडली’ची बातमी नव्हती, ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी एक बाई आहे, साठीची, पूर्व डेट्रॉइटमध्ये तीन पिढ्या, ती त्या दिवशी एवढंच म्हणाली की माझ्या वडिलांनी डिग्जना मत दिलं होतं. मला काय बोलावं ते सुचलं नाही.

सीटचा नंबर आणि वस्ती हे पण लोक एकच समजतात, ते थोडक्यात सांगते. दर दहा वर्षांनी जनगणना झाली की नकाशा बदलतो. डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० ला साडेअठरा लाख होती, २०२० ला ६ लाख ३९ हजार. मिशिगनच्या काँग्रेसच्या सीट्स एकेकाळी १९ होत्या, आता १३. म्हणजे शहराला एक सीट भरायला बाहेरची गावं जोडावीच लागतात. १९९० च्या दशकात तर १३ हा नंबर उचलून ॲन आर्बरकडे दिलेला, तिथे लिन रिव्हर्स नावाच्या गोऱ्या बाई होत्या, आणि डेट्रॉइटच्या सीट्स १४ आणि १५ होत्या. जॉन कॉन्यर्स १९६५ ते २०१७ एवढी वर्षं खासदार होते, ज्यांच्या ऑफिसात रोझा पार्क्स (बसमध्ये गोऱ्यासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या) काम करायच्या, त्यांचा नंबर आधी १, मग १४, मग १३ असा बदलत गेला, शहर तेच. आणि कायम डेमोक्रॅटिक म्हणतात तेही नाही, १३ वं डिस्ट्रिक्ट १९१५ ला सुरू झालं तेव्हापासून दोन दशकं रिपब्लिकनांकडे होतं.

आता ‘भारतीयांची एकगठ्ठा मतं’. हे वाचून मला खरंच वाईट वाटतं कारण यात मीच खोटी पडते. मी डेट्रॉइटबाहेरच्या कॅन्टन उपनगरात राहते, आमच्या घरात तीन मतं, आणि त्यातलं एकही ठाणेदारांना जात नाही, जाऊच शकत नाही, कारण कॅन्टन ६ व्या डिस्ट्रिक्टमध्ये आहे. ट्रॉय, नोवाय, फार्मिंग्टन हिल्स, जिथे जिथे आपली माणसं, देवळं, गणपती, दिवाळीचे कार्यक्रम, किराणा दुकानं आहेत ते सगळं १३ च्या बाहेर. आत आहे ते डेट्रॉइटचा मोठा भाग आणि नदीच्या खालच्या अंगाची लिंकन पार्क, वायंडॉट, टेलर अशी कामगारांची गावं. दक्षिण आशियाई म्हणाल तर हॅमट्रॅमकच्या आजूबाजूला बांगलादेशी लोक आहेत, आणि ते भारतीय मतदार म्हणून मोजले की त्यांना काय वाटेल याचा विचार करा. ठाणेदारांना मतं दिली ती ब्लॅक आणि गोऱ्या डेट्रॉइटकरांनी, श्रेय त्यांचं आहे.

आणि ते ७१ टक्के. आकडा खरा आहे पण त्याला विक्रम म्हणणं म्हणजे इथली निवडणूक कशी होते हेच न कळणं. नोव्हेंबरात १३ मधून डेमोक्रॅट येणार हे ठरलेलंच असतं, खरी लढत ऑगस्टच्या प्रायमरीत. मिशिगनमध्ये मतदाराला पक्षाची नोंदणी लागत नाही, प्रायमरीला शाळेच्या जिममध्ये जायचं, एक लांबलचक कागद हातात देतात, त्यावर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारी शेजारी छापलेले, पेनाने लंबगोल भरायचे, पण एकाच पक्षाच्या रकान्यात, दोन्हीकडे भरले तर पक्षांचा सगळा भाग बाद. पहिल्यांदा गेले तेव्हा मी तीनदा वाचलं आणि मगच पेन टेकवलं. आणि मुख्य म्हणजे इथे दुसरी फेरी नसते, ज्याला सर्वात जास्त तो जिंकला, मग ती २० टक्के का असेनात.

२०२२ ऑगस्टला नऊ जण उभे होते. ठाणेदारांना साधारण २८ टक्के, ॲडम हॉलियर यांना साडेतेवीस, पोर्शिया रॉबर्सन यांना १७ च्या आसपास, बाकीची मतं वाटली गेली. मतांत सांगायचं तर २२ हजारांच्या आसपास, आणि डिस्ट्रिक्टची लोकसंख्या पावणेआठ लाख. त्या बाकीच्यांत बहुतेक सगळे ब्लॅक उमेदवार होते, आणि मतं फुटणार हे दिसत होतं म्हणून वेन काउंटीचे (डेट्रॉइट ज्या जिल्ह्यात येतं त्याचे) प्रमुख वॉरन इव्हान्स यांच्या पुढाकाराने एक कमिटी बसली, सगळ्यांनी मिळून एकालाच पाठिंबा द्यायचा, त्यांनी हॉलियर निवडले, पण बाकीच्यांनी माघार घेतली नाही. हे आपल्याला चांगलं कळतं, आपल्याकडे बंडखोर अपक्ष उभे राहतात तेव्हा हेच होतं. आणि डेट्रॉइटमध्ये हे नवीन नाही, १९६४ ला कॉन्यर्स पहिल्यांदा आले ते जेमतेम शंभरेक मतांनी, २०१८ ला तलीब ब्रेंडा जोन्स यांच्यापेक्षा ९०० च्या आसपास मतांनी पुढे होत्या, आणि त्याच दिवशी कॉन्यर्स यांच्या मुदतीतल्या उरलेल्या काही आठवड्यांसाठीच्या पोटनिवडणुकीच्या प्रायमरीत जोन्स तलीबपेक्षा पुढे होत्या, त्याच मतदारांत, एकाच कागदावर.

नकाशाचाही भाग आहे. २०१८ ला मिशिगनच्या लोकांनी मतदान करून नकाशे काढायचं काम आमदारांकडून काढून नागरिकांच्या कमिशनला दिलं, चांगला हेतू होता, पण त्या कमिशनने डेट्रॉइटची वस्ती उपनगरांशी अशी जोडली की आधी काँग्रेसच्या दोन सीट्समध्ये ब्लॅक मतदार निम्म्याहून जास्त होते, नंतर एकातही राहिले नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये फेडरल कोर्टाने त्याच कमिशनची डेट्रॉइटकडची राज्य विधिमंडळाची १३ डिस्ट्रिक्ट्स रद्द केली, काँग्रेसचा नकाशा त्या निकालात नव्हता, तो तसाच राहिला. ज्यांना २०२२ चा निकाल समजून घ्यायचाय त्यांनी हे वाचल्याशिवाय बोलू नये असं मला मनापासून वाटतं.

पैशाबद्दल शेवटी. ठाणेदारांनी स्वतःचे लाखो डॉलर घातले हे खरंय, कुणी लपवलेलं नाही. पण २०१८ ला गव्हर्नरच्या (इथे तो राज्याचा निवडून येणारा प्रमुख) प्रायमरीत त्यांनी एक कोटी डॉलरच्या आसपास घातले आणि तिसरे आले. २०२२ ला हॉलियर यांच्या बाजूने युनायटेड डेमोक्रसी प्रोजेक्ट या बाहेरच्या गटाने ४० लाख डॉलरहून जास्त खर्च केला आणि ते हरले. म्हणजे पैसा लागतो, पैशाने नाव घराघरात जातं, पण फक्त पैशाने झालं म्हणणाऱ्याने मधल्या काळात ठाणेदार ॲन आर्बर सोडून डेट्रॉइटला राहायला आले, २०२० ला तिथून राज्याच्या विधिमंडळात निवडून आले, हे वगळलेलं असतं.

आणि फक्त मतं फुटली म्हणून आले म्हणणाऱ्यांनी २०२४ बघावं. हॉलियर परत उभे राहायला निघाले, पण उमेदवारीसाठी मतदारांच्या १००० वैध सह्या लागतात आणि मोजल्यावर ८६३ च भरल्या, नाव मतपत्रिकेवर आलंच नाही. मग ठाणेदारांसमोर सिटी कौन्सिलच्या मेरी वॉटर्स आणि आणखी एक उमेदवार, दोघी ब्लॅक, आणि तिथे ठाणेदारांना जवळपास ५५ टक्के मिळाली. ब्लॅक मतदारांशिवाय त्या प्रायमरीत ५५ होऊ शकत नाहीत. हॉलियर असते तर काय झालं असतं हा प्रश्न उरतो, मी तो नाकारत नाही.

आत्याने हे सगळं ऐकून एकच विचारलं, तुझ्या त्या शेजारच्या बाईने कुणाला मत दिलं गं. २०२२ ला त्यांच्या घरातली तीन मतं तीन जणांना गेली होती, तिचं रॉबर्सनला. २०२४ ला तिचं आणि नवऱ्याचं वॉटर्सना, मुलाचं ठाणेदारांना.