जीपच्या ॲक्सलबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर माझी एक जुनी पोस्ट फिरतेय: "भंगारातला दणकट मागचा ॲक्सल आणा, स्प्रिंगची बैठक जुळली की काम झालं. रेशो बघायची गरज नाही." पहिलं वाक्य आजही मान्य. शेवटचं चुकीचं आहे, आणि ते मीच लिहिलं होतं.

पुढचा-मागचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे लागतात तो आकडा, एकच लागतो. मागे 39/8 (मोठ्या क्राऊनचे दात भागिले त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनचे दात), म्हणजे 4.88, आणि पुढे 43/8, म्हणजे 5.38 असेल तर एकाच वेगाला दोन्ही शाफ्टच्या फेऱ्यांत सुमारे दहा टक्के फरक पडतो. आपल्या जुन्या जीपांत मधे डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर, नसतो; फोर बाय फोर लावलं की दोन्ही शाफ्ट एकत्र बांधले जातात. जांबोटीच्या तांबड्या चिखलात टायर घसरून हा फरक निभावून नेतो, म्हणून तर मला तेव्हा काही कळलंच नाही. डांबरावर मात्र फोर बाय फोरचा लिव्हर अडकला, निघेना. मिस्त्रीने दोन्हीकडचे दात मोजून दाखवले.

घेण्याआधी तपासायला पैसे लागत नाहीत. सुटा ॲक्सल असेल तर एक चाक पक्कं धरा, दुसरं दोन पूर्ण फेरे फिरवा आणि पिनियनचे फेरे मोजा. पाचला जरा कमी भरले तर 4.88, पाच पूर्ण होऊन वर तिसरा हिस्सा गेला तर 5.38. (लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधणारा भाग, बसवलेला असेल तर हा हिशेब चालत नाही.)

रेशो जुळत नसेल तर एका ॲक्सलचे क्राऊन-पिनियन बदलण्याचा खर्च धरा; मग स्वस्तातला ॲक्सल स्वस्त राहत नाही.

जुनी पोस्ट मी काढली आहे. तिचा स्क्रीनशॉट कृपया पुढे पाठवू नका.