रोबोटले वेचाई कोन शिकवन?

विषय काढला बंडूभाऊनंच. "दोन वर्सांत पऱ्हाटीत कापूस वेचाले रोबोट दिसते का नाई, पाहा! मजुरायची कटकटच खतम."

सफेद मुसळीच्या पिकातही तो असाच करोडपती होणार होता, त्यामुळे पानठेल्यावर कुणी मान वर केली नाही. बुटीबोरीला कारखान्यात असलेला गजू मात्र खुलला.

"काका, 2012 ले बॅक्स्टर नावाचा रोबोट आला. हात धरून काम दाखवलं का शिके. तोंडाच्या जागी पडदा. हात जिकडं न्याचा तिकडं आंधी डोये फिरवे, म्हनजे बाजूचा मानूस सावध."

"मंग?"

"त्याले बनवनारी कंपनी 2018 ले बसली."

"म्हनजे बंडूचीच भागीदारी दिसते!" नामदेवबाबा बोलले.

गजू थांबतो थोडाच. "2024 ले अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठवाल्यायनं रोबोटले एकेक काम पन्नासेक खेपा करून दाखवलं, त्यानं शिकलं. झिंगे परतले लेकानं!"

कौसाबाई एवढा वेळ शेजारच्या किराण्यावर उभी होती. वेचाईची बाकी मागायला आलेली, आणि बंडूभाऊला ते पक्कं माहीत होतं.

"अन् वेचाई त्याले कोन शिकवन?"

"तुमीच बाया, अजून कोन?"

"म्हनजे आमचं काम आमीच त्याच्या हाती द्याचं. बरं, शिकवाईचे पैसे किलोवर का रोजानं?"

बंडूभाऊला अचानक चुना कमी वाटू लागला.

"बोंड पुरं उमललं का ते पाहा लागते," ती बोटं जुळवून दाखवत होती. बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडा चिरलेल्या. "असा वढा लागते का कचरा मांगं राहीन. दव असलं तं थांबा लागते. कवडी, म्हनजे खराब कापूस, येगळी."

"तेच तं अवघड हाये मावशी," गजू म्हणाला. "दाखवल्यापेक्षा येगळं बोंड आलं का तो चुकते, अन् चुकीवर चूक चढत जाते. मंग जानकार मानूसच बाजूले लागते, हात धराले."

"तं बंडूभाऊले जवय येऊ देऊ नका. मांगच्या साली सोता वेचला, व्यापाऱ्यानं भाव तोडला. अर्धं गाठोडं कवडीच! रोबोट म्हनन, वेचाई अशीच असते."

ठेलेवाल्याच्या हातातलं पान सुटलं. हसणं ओसरल्यावर बाबांनी गंभीरपणे विचारलं, "तो खाते काय?"

"चार्जिंग."

"शेतातली लाइन रातची! उपासानंच मरन बिचारा."

या गोंधळात बंडूभाऊनं गाडीला किक मारली. पण "सुट्टे नाईत" हे त्याचं नेहमीचं उत्तर कौसाबाईला पाठ. तिनं किराणावाल्याकडून पाचशेचे सुट्टे आधीच काढून ठेवले होते.