घुमणाऱ्या खोक्यास जागा पाहिजे

पाच इंची वूफरच्या (खालचे सूर काढणाऱ्या पडद्याच्या) छोट्या बुकशेल्फ स्पीकरकडून डग्ग्याची अपेक्षा ठेवणं हा अन्याय आहे. गायकाचा गळा, सतारीची तार, हार्मोनियमचा सूर हे सगळं ते निगुतीनं देतात. पण साठेक हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला साठेक कंपनांच्या, खाली उतरायचं म्हटलं की धापा टाकायला लागतात. तबलजीनं मनगट दाबून घुमारा ओढला, की आमच्या स्पीकरमधून कुणीतरी टेबलावर बोट आपटल्यासारखा आवाज यायचा. सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेत भरायचा, तेव्हा भारतीय बैठकीत मांडी घालून बसलं की तो घुमारा थेट जमिनीतून अंगात चढायचा. तो मला पुण्यातच, नवी पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, ११ बाय १७च्या हॉलमध्ये हवा होता. बाकी माझी काही मागणी नव्हती. म्हणून सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर घुमवणारं वेगळं स्पीकरचं खोकं, घ्यायचं ठरवलं.

मग तपकीर गल्ली, म्हणजे पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. तिथे उभं राहायला जागा नसते, पण सल्ला मुबलक मिळतो. "किती वॅट पाहिजे?" हा पहिला प्रश्न आणि "घ्या हो, पूर्ण बिल्डिंग हलेल" ही हमी. बिल्डिंग १९७८ सालची असल्यामुळे मला ती हमी नको होती. घरी आल्यावर बाबांनी खोक्यावरचा १२० वॅट आरएमएस, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा, आकडा वाचून मान हलवली. "आपल्या जुन्या टेपवर १००० वॅट लिहिलेलं होतं." ते पीएमपीओ होतं बाबा, डोळे मिचकावण्याइतक्या वेळात निघू शकेल अशा काल्पनिक ताकदीचा आकडा; हे मी सांगितलं. "पण लिहिलेलं होतं," बाबा म्हणाले. छापील गोष्टीवर त्यांचा विश्वास आहे.

जोडणीचा भाग फार अवघड नाही. माझ्या ॲम्प्लिफायरला सबवूफरसाठी वेगळं आउटपुट नाही. तेव्हा स्पीकरच्याच लाल-काळ्या टर्मिनलवरून आणखी वायरी काढून त्या सबच्या हाय-लेव्हल इनपुटला द्यायच्या. सबच्या पोटात स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो, त्यामुळे आपल्या ॲम्प्लिफायरवर जवळजवळ काहीच भार पडत नाही. "म्हणजे पाहुणा येतोय, पण डबा घेऊन येतोय," असं बायकोनं त्याचं सार काढलं. आईनं मात्र मुद्द्याचं विचारलं, "पण ते ठेवणार कुठे?"

सबवूफरची जागा ठरवायची एक मान्यताप्राप्त पद्धत आहे आणि ती सभ्य माणसानं दार लावून करावी. आपण जिथे बसून ऐकणार तिथे, म्हणजे सोफ्यावर, सबवूफर ठेवायचा. मग खालच्या पट्टीतलं काहीतरी लावून आपण भिंतीच्या कडेकडेनं रांगत फिरायचं. जिथे कान जमिनीजवळ नेल्यावर घुमारा सपाट आणि नेमका ऐकू येईल, ती सबची जागा. ध्वनीला दोन्ही दिशा सारख्याच, त्यामुळे श्रोता आणि वादक यांची अदलाबदल चालते. शास्त्र पक्कं आहे. ते सोसायटीच्या सेक्रेटरींना ठाऊक नव्हतं, आणि दार उघडंच होतं. ते मेंटेनन्सची पावती घेऊन आत आले तेव्हा सोफ्यावर लोड-तक्क्याला टेकून एक काळं खोकं बसलेलं होतं आणि मी शिवणयंत्राच्या पायडलखाली डोकं घालून "वा!" म्हणत होतो.

"पडलं का काही?" त्यांनी विचारलं.

"नाही, गाणं ऐकतोय तो," बायको म्हणाली. सेक्रेटरींनी पावती टीपॉयवर ठेवली आणि सहीसुद्धा न घेता गेले.

तर जागा निघाली ती शिवणयंत्राची. आईनं ते यंत्र खिडकीकडे सरकवायला एका अटीवर मान्यता दिली: खोक्यावर क्रोशाचा रुमाल येईल. आला. त्यावर कुंडी ठेवण्याचा प्रस्ताव मी विजेच्या मुद्द्यावर फेटाळला.

यानंतर घरात जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण सगळेच खरं बोलत होते. बाबा पंख्याखालच्या त्यांच्या खुर्चीत, म्हणजे हॉलच्या रुंदीच्या बरोब्बर मध्यावर, बसून म्हणाले, "चालू केलंस का?" त्याच क्षणी भिंतीला टेकून शेंगा सोलणारी बायको म्हणाली, "अरे, कमी कर, पोटात ढवळतंय." आमच्या हॉलची रुंदी ११ फूट, म्हणजे साडेतीन मीटरला जरा कमी. ५१ हर्ट्झच्या लाटेची निम्मी लांबी तेवढीच असते. ती लाट दोन भिंतींच्या मध्ये अडकते, भिंतींशी फुगते आणि मध्यावर नाहीशी होते. बाबा त्या नाहीशा होण्याच्या जागेवर आरामखुर्ची टाकून बसलेले. आवाज वाढवला तर बायकोचा छळ, कमी केला तर बाबांच्या लेखी दहा हजारांवर पाणी. खुर्ची दोन फूट सरकवा म्हटलं, तर पंखा सरकव म्हणाले.

आणि मग गुरगुर. काहीही लावलेलं नसताना सबमधून एक बारीक, अखंड 'हूंऽऽ'. आपली वीज ५० हर्ट्झची. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सला येणारी केबल स्वतःचं वेगळं अर्थिंग घेऊन येते, ॲम्प्लिफायरचं अर्थिंग भिंतीतून, आणि या दोघांच्या मध्ये जो फेरा तयार होतो तो सबवूफर इमानदारीत ऐकवतो. म्हणजे वीज ५०ची आणि हॉल ५१चा. हे स्थळ जमायचंच होतं. इलेक्ट्रिशियननं आल्या आल्या "अर्थची पिन काढून टाकू ना" असा तोडगा सांगितला. ती पिन शॉकपासून जीव वाचवायला असते, हे त्याला मी, ग्राहकानं, सांगावं लागलं. केबल उपसली की गुरगुर बंद होत होती, पण त्याचबरोबर आईची मालिकाही बंद होत होती. "कसली गुरगुर?" बाबा खुर्चीतून म्हणाले, "मला तर काहीच ऐकू येत नाही." यथावकाश केबलच्या वाटेवर अर्थिंगचा तो फेरा तोडणारा एक छोटा आयसोलेटर बसला आणि दोन्ही पक्ष शांत झाले.

क्रॉसओव्हरचं, म्हणजे ज्या सुराच्या खाली सबनं वाजवायचं त्या सीमेचं, थोडक्यात सांगतो. बहुतेक लोक ८० हर्ट्झवर ठेवतात, मी ६०च्या जवळ ठेवला, कारण माझे स्पीकर तिथवर आपले आपण उतरतात. इतक्या खालचा आवाज नक्की कुठून येतो ते कानाला कळत नाही. लाट पाच-सहा मीटरची आणि आपले दोन कान वीतभर अंतरावर. सबची लाट स्पीकरच्या लाटेशी जुळवणारं फेजचं बटण शून्य आणि १८० अंश यांच्यात फिरवताना मी मागून "आता? आणि आता?" विचारत राहिलो आणि बायको सोफ्यावरून "सारखंच" म्हणत राहिली. तिच्या उत्तराचा सूर जिथे जास्त त्रासिक झाला, तिथे घुमारा भरदार होता. तिथेच बटण सोडलं.

खरी मजा खडखडाटाची. फोनवर हळूहळू चढत जाणारा एकच सूर लावला, की घरातली एकेक वस्तू आपला नंबर आला की उठून हजेरी देते. ३८ हर्ट्झला शोकेसची काच. ४४ला स्वयंपाकघरातल्या मांडणीतली परात. ५७ला ट्यूबलाइटची पट्टी. ७० ओलांडल्यावर एक किणकिण यायची, ती कुठून ते काही केल्या सापडेना. शेवटी आईनं देव्हाऱ्यातली घंटा हातात धरली आणि ती थांबली. एरवी विसर्जनाच्या रात्री टिळक रस्त्यावरून मिरवणूक जाते तेव्हा हे सगळं एकदम वाजतं आणि त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नसतं. काचेखाली रबर, परातीखाली फडकं, पट्टीला नवे स्क्रू. घंटेला रबर लावायची सूचना मी केली नाही.

खालच्या मजल्यावरचे काका यायचेच होते. बारीक सूर स्लॅब ओलांडत नाहीत, जाड लाटा मात्र काँक्रीटमधून सहज जातात. सबखाली जाड फोम घातला होता, तरी काका आलेच. मी माफीचं वाक्य जुळवत होतो.

"वर तबला वाजतो ना संध्याकाळी?"

"हो काका. त्रास होतोय का?"

"झपताल होता काल. डग्गा काय सुरेख येतो रे खाली! पण गातंय कोण तेच कळत नाही. रात्रभर डोकं खाजवत बसलो. एकदा वर येऊन नीट ऐकावं म्हटलं."

मला भरून आलं. बाबांनीही मोठ्या मनानं उठून त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली. मी तीच बैठक लावली, आवाज बेताचा ठेवला. काका डोळे मिटून मात्रा मोजू लागले. मुखडा झाला, सम आली, तबलजीनं घुमारा ओढला. काकांनी डोळे उघडले, सबकडे पाहिलं, त्यावरच्या क्रोशाच्या रुमालाकडे पाहिलं.

"गाणं उत्तम आहे," ते चप्पल शोधत म्हणाले, "पण तबला खालीच बरा येतो."