इन्सुलिन हराम नाही, खाला!

आमच्या मोठ्या खालांनी इन्सुलिन बंद केलं. काहून, तर मोबाईल पुढं केला. हलाल-हरामची लांबलचक यादी, लिहिणाऱ्याचं नाव नाही, अन् शेवटी ‘अकरा जणांना पाठवा, नाहीतर गुनाह’. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रसकडच्या ग्रुपवर हेच फिरतंय.

यादीत पहिलंच : इन्सुलिन डुकरापासून बनतं. अर्धं खरं आहे, पण तेही जुनं. कधीकाळी डुकरांच्या अन् गायी-बैलांच्या स्वादुपिंडातून ते काढत. १९८२ पासून मानवी इन्सुलिन बाजारात आलं, ते जिवाणूंकडून किंवा यीस्टकडून बनवून घेतात. खालांच्या बाटलीवर बारीक अक्षरात ‘ह्यूमन’ अन् ‘आरडीएनए ओरिजिन’, म्हणजे जिवाणू किंवा यीस्टकडून बनवून घेतलेलं, असं छापलेलं आहे. यादीवाल्यानं एकदा बाटली तरी पाहायची होती!

अन् समजा, डुकराचंच असतं अन् दुसरं औषधच नसतं, तर? कुराणातल्या सूरह बकराची १७३वी आयत काढा. मेलेलं जनावर, रक्त, डुकराचं मांस अन् अल्लाहशिवाय दुसऱ्याच्या नावानं केलेलं, हे हराम. पण त्याच आयतीत पुढं आहे, की जो मजबूर झाला, ज्याच्या मनात नाफरमानी नाही अन् जो हद्द ओलांडत नाही, त्याच्यावर गुनाह नाही. यादीत अर्धी आयत आहे, पुढची गिळली. खालांची शुगर चारशेच्या वर गेली, त्याचा गुनाह कोणाच्या खात्यात लिहायचा?

पुढं म्हणे आजाऱ्यानंही रोजा धरलाच पाहिजे, अन् सुई टोचली की रोजा तुटला. त्याच सूरहच्या १८४ अन् १८५ व्या आयतीत आजारी अन् मुसाफिराला सूट आहे. राहिलेले रोजे नंतर धरायचे. कधीच झेपणार नाही त्यानं फिदया द्यावा, गरिबाला जेवू घालावं. इन्सुलिनच्या सुईनं रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा, म्हणजे धर्माचे जाणकार, सांगतात. डोस कसा बदलायचा ते रमजानच्या आधी डॉक्टरला विचारा, मोबाईलला नाही.

मग ‘ई’ नंबर, म्हणजे खाण्याच्या पदार्थात घातलेल्या रंगा-बिंगांचे आकडे. पाकिटावर आकडा दिसला की डुकराची चरबी! ई १०० म्हणजे कर्क्युमिन, हळदीचा पिवळा रंग. मग वर्धेकडची वायगावची हळदही हराम का? ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुतेक वेळा सोयाबीनचं, जे आपण दरवर्षी पेरतो. ४७१ मात्र वनस्पती तेलाचंही असतं अन् प्राण्याच्या चरबीचंही, एवढं मान्य. त्यासाठी हिरवा ठिपका बघा, संपलं.

यादीत झिंगाही आहे. त्यावरून हनफी पंथाच्या लोकांमध्ये मतभेद आहेतच. कोकणातले शाफई पंथाचे मुसलमान तो आवडीनं खातात. इथं मिळतो तरी कुठं रोज!

हिंदू शेजाऱ्याच्या घरची भाकरही हराम, असंही लिहिलंय. नैवेद्याचं ताट कोणी घेत नसेल तर समजू शकतो. पण साध्या भाकर-बेसनानं काय केलं? कापूस वेचायला गेलेल्या बाया धुऱ्यावर बसून एकमेकींच्या शिदोरीतलं खातात. त्यांच्यासमोर ही यादी वाचून दाखवायची हिंमत करा एकदा.

अन् ‘अकरा जणांना पाठवा’ हे फर्ज कुठून आलं? सूरह नहलची ११६वी आयत आहे : अल्लाहच्या नावावर खोटं रचून, तोंडाला येईल तसं ‘हे हलाल, हे हराम’ म्हणू नका. मी ती ग्रुपवर टाकली. ॲडमिननं मलाच काढलं, म्हणून हे इथं लिहितोय.