आमच्या प्रभागातील महिलांची जागा वहिनींना द्या

आज दुपारी पक्षाच्या व्हॉट्सॲप समूहावर 15 जानेवारी 2026 च्या ठाणे महापालिका निवडणुकीसाठी दिवा पूर्वेतील आमच्या प्रभागातील उमेदवारांची संभाव्य यादी आली आणि महिलांसाठी राखीव असलेल्या जागेपुढचे नाव वाचून माझे डोकेच तापले. ज्या बाईंचे हे नाव आहे, त्यांना मी आमच्या भागात कधीही पाहिलेले नाही. त्यांच्या यजमानांना मात्र सगळे ओळखतात. ते नुकतेच दुसऱ्या पक्षातून आपल्याकडे आले, त्यांच्या प्रवेशाच्या दिवशी फटाके वाजले, आणि त्यांना स्वतःला हवी होती त्या जागेवर महिलांचे आरक्षण पडल्यामुळे आता पत्नीला पुढे करण्यात आले आहे.

यात काय चुकीचे आहे, हे माझ्या मित्रमंडळींना समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून मी आज केवळ जिंकण्याबद्दल लिहिते, कारण वरच्या मंडळींना आता तेवढेच कळते. ही उमेदवारी कायम राहिली तर आपण ही जागा घालवू. ती वहिनींना दिली तर निघेल, आणि प्रभागातील आपल्या चार उमेदवारांच्या पॅनेलमधील उरलेल्या तिघांनाही त्यांच्यामुळे मते मिळतील.

वहिनींचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यांना न विचारता त्यांना अडचणीत आणण्याची माझी इच्छा नाही. आमच्या भागात 'वहिनी' म्हटले की कोण, हे शाळेतली मुलेसुद्धा सांगतात. ठाणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि तेव्हापासून प्रशासकांचा कारभार सुरू झाला. या सगळ्या काळात नगरसेवक नावाचा माणूसच नव्हता. मग पाणी कमी दाबाने आले, टँकर वेळेवर आला नाही, गटार तुंबले, एखाद्या म्हातारीचे रेशन कार्ड अडले, तेव्हा लोक कोणाच्या दारात जात होते? पदावर नसलेल्या, मानधन नसलेल्या, साधे ओळखपत्रही नसलेल्या या बाईच्या दारात.

इच्छुकांच्या मुलाखतींना मी त्यांच्यासोबत गेले होते. त्या दिवशी त्यांनी कापडी पिशवीतून आपली वही आणली होती. त्या वहीत प्रत्येक इमारतीचे स्वतंत्र पान आहे. कोणत्या विंगमधील कोणते कुटुंब घर सोडून गेले, कोणाचे नाव मतदार यादीत दोनदा आहे, कोणाचे अजून गावच्या यादीतच राहिले आहे, कोणत्या इमारतीला पाणी किती वाजता येते, हे सारे त्यात पेन्सिलने लिहिलेले आहे, म्हणजे बदल झाला की खोडून दुरुस्त करता येते. मुलाखत घेणाऱ्यांनी त्यांना दोनच गोष्टी विचारल्या. पहिला प्रश्न होता, "साहेब काय करतात?" आणि दुसरा, "खर्च किती झेपेल?" वहिनी म्हणाल्या, "हे कंपनीत रात्रपाळीला असतात. खर्चाचं मला नाही सांगता येणार, पण ही वही बघता का?" समोरच्या गृहस्थांनी हसून पुढच्या इच्छुकाला हाक मारली. वही कोणी उघडलीसुद्धा नाही.

निवडणूक जिंकायची असेल तर त्या वहीइतकी कामाची वस्तू त्या खोलीत दुसरी नव्हती. आमच्या दिव्याची गोष्ट वेगळी आहे. इथली अर्धी वस्ती पहाटेच्या गाडीने मुंबईकडे निघते आणि रात्री परतते. मतदानाची सुटी असली तरी खासगी नोकरीत ती सगळ्यांना मिळत नाही. 15 जानेवारीला कोणत्या घरातील माणूस सकाळी गाडी पकडण्यापूर्वी मत देऊ शकेल, कोण दुपारी परतेल, कोणत्या आजींना जिन्यावरून उतरवून केंद्रापर्यंत न्यावे लागेल, हे ज्याला ठाऊक आहे तोच येथे निवडून येईल. भाड्याने आणलेल्या कार्यकर्त्यांना चिठ्ठ्या वाटता येतात. बेल वाजवल्यावर दार उघडले जाते ते मात्र ओळखीच्या माणसालाच.

पॅनेल पद्धतीमुळे तर हे अधिकच खरे ठरते. ठाण्यात 131 जागा आहेत आणि एक प्रभाग वगळता सगळीकडे चार-चार सदस्य निवडून द्यायचे आहेत. मतदाराला चार बटणे दाबायची असतात आणि त्यातली दोन-तीन नावे त्याने आयुष्यात ऐकलेली नसतात. ज्या एका नावावर त्याचा विश्वास असतो त्या नावाचे चिन्ह पाहून तो बाकीची बटणे दाबतो. ते एक विश्वासाचे नाव आपल्याकडे आहे, आणि आपण तेच यादीबाहेर ठेवतो आहोत.

पैसा लागतो, हे मला मान्य आहे. त्या गृहस्थांकडे तो आहे आणि मागे तरुण मुलेही आहेत. पण पैशाने दिवा हलत नाही, हे 2 जानेवारी 2015 रोजी ज्यांनी दिवा स्थानकात लोकल रखडल्यामुळे झालेला लोकांचा उद्रेक पाहिला त्यांना तरी कळायला हवे. त्या दिवशी कोणत्याही पक्षाने लोकांना बोलावले नव्हते. आमचे लोक सोसतात, पुष्कळ सोसतात, पण आपल्याला गृहीत धरले आहे असे एकदा त्यांना वाटले की ते कोणाचे ऐकत नाहीत.

यंदा मतदान संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी आहे. त्यापूर्वी हळदीकुंकवांचा सुळसुळाट होईल, साड्या आणि डबे वाटले जातील, आणि आमच्या बायका सगळ्यांचे वाण हसतमुखाने घेऊन घरी जातील. त्यांचे मत त्या वाणावर ठरत नाही. दिव्यात कोकणातली माणसे मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांना मी पुरती ओळखते, कारण मीही त्यांच्यातलीच आहे. घेतले म्हणजे देणे लागलो, असा हिशेब ती मंडळी निवडणुकीत ठेवत नाहीत. तापाने फणफणलेल्या पोराला घेऊन रात्री कोण रिक्षात बसले होते, हे मात्र ती विसरत नाहीत.

हे लिहिताना पुन्हा ती मुलाखत आठवते आणि संताप येतो. स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना निम्म्या जागा देण्याचा निर्णय महाराष्ट्राने 2011 मध्ये घेतला. इतक्या वर्षांनंतरही आपण बाईला पहिला प्रश्न विचारतो तो तिच्या नवऱ्याबद्दल! नगरसेवकांच्या घरातून आलेल्या काही स्त्रियांनी पुढे उत्तम काम केले, हे मी नाकारत नाही. पण त्या निदान प्रभागात राहत होत्या.

मुलाखतीनंतर स्थानकाकडे चालताना वहिनी एवढेच म्हणाल्या, "बाई, तिकीट नाही मिळालं तरी पाण्याचं काम थांबणार नाही हो." मला भरून आले. पक्षाने अशा माणसाच्या चांगुलपणावर विसंबून राहणे मला लाजिरवाणे वाटते. तिकीट दुसऱ्याला द्यायचे आणि प्रचारात घरोघरी फिरायला पुन्हा यांनाच बोलवायचे, हेच घडणार आहे, आणि त्या जातीलही, कारण त्यांना नाही म्हणता येत नाही.

एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, अजून कोणाच्या हातात पडलेला नाही. तो पडेपर्यंत यादीला काही अर्थ नसतो, हे आपण सगळे जाणतो. उद्या सकाळी मी जिल्हा कार्यालयात जाणार आहे आणि सोबत आमच्या इमारतींमधील मतदारांच्या सह्यांचे पत्र नेणार आहे. तुमच्यापैकी ज्यांचा वरिष्ठांशी संबंध आहे त्यांनी आज रात्रीच फोन करावा. सही करू इच्छिणाऱ्यांनी रात्री दहापर्यंत माझ्या घरी यावे आणि येताना मतदार यादीतील आपला भाग क्रमांक व अनुक्रमांक लिहून आणावा, म्हणजे ही मते कागदावरची नाहीत हे समोरच्यांना पडताळून पाहता येईल.